क्लच नेमका कुठे पकडतो, हे हाताला कसं कळायचं?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं मी अ‍ॅक्टिव्हा चालवते. आता माझी शाळा बदलली आहे आणि नव्या शाळेपर्यंतचा शेवटचा पट्टा म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेला कच्चा रस्ता. स्कूटरची छोटी चाकं त्या खड्ड्यांत आपटतात, म्हणून गिअरची गाडी शिकायचं ठरवलं. घरात भावाची स्प्लेंडर आहे आणि काकांची क्लासिक ३५० अधूनमधून मिळते.

गिअर कळले, ब्रेक कळले. अडतंय ते क्लचवर. पहिला गिअर टाकून लिव्हर सोडायला लागले की एक तर गाडी धाडकन पुढे उसळते, नाहीतर घरघर करून बंद पडते. जो तो सांगतो, "हळू सोड." पण हळू म्हणजे कुठून कुठपर्यंत हळू? स्प्लेंडरला लिव्हर बरीच बाहेर आल्यावर गाडी हलते, क्लासिकला मुठीपासून जरा सुटली की लगेच. मग यातली बरोबर कुठली? आणि हाताला हे कळतं तरी कशावरून?

ज्यांनी मोठेपणी गिअरची गाडी शिकली किंवा कोणाला शिकवली, त्यांनी जरा सविस्तर लिहा. "सवयीने येतं" हे ऐकून कान किटले आहेत.

हाफक्लच

ताई, प्रश्न नेमका विचारलात. "हळू सोड" हे अर्धंच सांगणं आहे. लिव्हरच्या सगळ्या प्रवासात हळू सोडायची गरजच नसते. त्या प्रवासाचे तीन भाग असतात. मुठीला चिकटलेल्या लिव्हरपासून पहिला भाग रिकामा, तिथे काहीच होत नाही, तो पटकन सोडला तरी चालतो. मधला छोटासा पट्टा, जिथे गाडी पकड घ्यायला लागते. आणि शेवटचा भाग, जिथे क्लच पूर्ण बसलेला असतो. हळूपणा फक्त मधल्या पट्ट्यात लागतो.

तो पट्टा शोधायचा सराव असा. सपाट मोकळी जागा घ्या. इंजिन तापू द्या, चोक बंद. दोन्ही पाय जमिनीवर. पहिला गिअर टाका. उजवा हात मुठीवर नुसता ठेवायचा, पिळायची अजिबात नाही. आता लिव्हर अगदी सावकाश सोडत या आणि कान इंजिनाकडे ठेवा. एका जागी आवाज किंचित बसतो. त्याच क्षणी गाडी पुढे जायला बघते, सीटखाली ते जाणवतं. तिथे थांबा. पुढे सोडू नका. पुन्हा पूर्ण दाबा. परत तेच.

गाडी वीतभर पुढे सरकली की दाबायची, एवढंच करत राहा. चालवायला जाऊच नका. डोळे लिव्हरवर नकोत, समोर लांब बघा, म्हणजे हाताला स्वतः शोधावं लागतं.

लाल_माती

इतकं काही नसतं हो. थोडी जास्त रेस द्या आणि सोडा. बंद पडणार नाही. आम्ही सगळे असेच शिकलो.

हाफक्लच

@लाल_माती, रेस देऊन गाडी निघते हे खरं, पण नवख्या माणसाचे दोन्ही हात एकाच वेळी चुकत असतात. रेस जास्त झाली आणि क्लच सटकन सुटला की तीच गाडी समोरच्या कंपाउंडवर जाते. आधी एक हात शिकवा, मग दुसरा.

लाल_माती

मान्य, सपाट जागेवर ठीक. पण चढावर रेस न देता काय होणार? तिथे शिकवलंच पाहिजे.

घाटवाट

चढाचं पुढे लिहितो, आधी सपाटीचं होऊ द्या. तोवर एक गोष्ट सर्वांत आधी हातात बसवा: घाबरल्यावर क्लच पूर्ण आत. गाडी उसळली, कुत्रं आडवं आलं, काही सुचेना, तर डाव्या हाताची मूठ आवळायची. चाकाकडे जाणारी ताकद तिथेच तुटते. स्कूटरवरून आलेल्या माणसाला ही सवय नसते. तो फक्त ब्रेक दाबतो आणि गाडी गिअरमध्ये आचके देत बंद पडते.

गिअरबॉक्स

आत काय चालतं ते कळलं की हात लवकर ऐकतो, म्हणून थोडं लिहितो.

आपल्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये 'वेट मल्टिप्लेट' क्लच असतो. वेट, कारण तो इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. भाकरीच्या चवडीसारख्या गोल प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात, एक घर्षणाच्या अस्तराची, एक साधी लोखंडी, परत एक अस्तराची. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, लोखंडी प्लेटा गिअरबॉक्सशी जोडलेल्या. स्प्रिंगा ही सगळी चवड दाबून धरतात, त्यामुळे दोन्ही एकत्र फिरतात. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा प्रत्यक्षात स्प्रिंगांच्या विरुद्ध ताकद लावून प्लेटांवरचा दाब काढता. म्हणून लिव्हर जड लागते.

आता गंमत मधल्या पट्ट्यात आहे. दाब थोडा आला की प्लेटा एकमेकींवर घसरत घसरत ताकद पुढे देतात. इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेतंय आणि मागचं चाक थांबलेलं आहे. हा फरक कोणीतरी भरून काढायला हवा, तो प्लेटांच्या घसरण्याने भरून निघतो. घसरू न देता एकदम सोडलं की इंजिनासमोर दोनच वाटा उरतात: गाडीला झटक्यात ओढणं, किंवा स्वतः बंद पडणं. तुमचे दोन्ही अनुभव एकाच कारणाचे आहेत.

पहिल्या गिअरमध्ये रेस न देता गाडीचा वेग माणसाच्या चालण्याच्या आसपास असतो. म्हणजे गाडी चालायच्या वेगाला आली की क्लचचं काम संपलं, मग पूर्ण सोडा. बहुतेक नवशिके गाडी नुसती हलली की "सुटली" समजून लिव्हर सोडून देतात. तिथेच धक्का बसतो. गाडी हलल्यावर आणखी एक-दोन मीटर लिव्हर त्याच जागी धरून ठेवायची.

नीराकाठ

@गिअरबॉक्स, हे शेवटचं कोणी सांगितलंच नव्हतं! मी अगदी तेच करते, हलली की सोडते. उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर बघते.

अ‍ॅक्टिव्हाला मग हे सगळं कसं होतं? तिथे तर क्लच नाहीच.

गिअरबॉक्स

आहे की, फक्त तुमच्या हातात नाही. तिच्यात सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासतात आणि गाडी निघते. म्हणून स्कूटरला रेस दिली तरच ती हलते. तुमच्या हातात इतकी वर्षं तीच सवय आहे: निघायचं म्हणजे मूठ पिळायची. मोटरसायकलवर निघायचं काम डाव्या हाताचं आहे, हे बदलायला वेळ जातो. तुम्हाला काही कमी जमतंय असं समजू नका.

चेतककाका

आमच्या काळी क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हातात! बजाज चेतकची अख्खी मूठ फिरवावी लागे. क्लच दाबून धरायचा, त्याच हाताने मनगट फिरवून गिअर टाकायचा आणि मनगट त्या कोनात असतानाच क्लच सोडायचा. पहिला वर, मग न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, चौथा खाली. चौथ्या गिअरला मनगट जवळजवळ उलटं व्हायचं. त्यात किक मारण्याआधी गाडी तिरकी करायची, तो सोहळा वेगळा.

सांगायचा मुद्दा: त्या स्कूटरवर शिकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, साडी नेसून, मागे दोन पोरं आणि पुढे भाजीची पिशवी. त्यामुळे ताई, काळजी नसावी.

बारा_गावचं_पाणी

काका, पावसाळ्यात किक मारणं विसरलात. निम्मी सोसायटी गाडीला धक्का द्यायला यायची :)

चेतककाका

आणि धक्का देताना दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून पळायचं, वेग आला की पटकन सोडायचा. तेव्हा क्लच हळू सोडला तर गाडी सुरू होत नाही बरं का! चाकाने इंजिन फिरवायचं असतं, तिथे झटकाच लागतो. आजही बॅटरी उतरलेल्या कार्बोरेटरवाल्या गाडीला हा उपाय चालतो.

टूलकिट

माझं गॅरेज आहे, त्यामुळे शिकण्याआधी गाडी तपासा असं सांगेन. शिकायला आलेल्या पोरांच्या निम्म्या तक्रारी वायरच्या असतात.

१. लिव्हर हलकेच ओढून बघा. क्लचचं काम सुरू होण्याआधी ती थोडी मोकळी हलली पाहिजे. हिरो आणि होंडाच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाशी ही मोकळी चाल १० ते २० मिलिमीटर दिलेली असते. बाकी गाड्यांना आकडा वेगळा असू शकतो, आपापलं मॅन्युअल उघडा.

२. चाल फार जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी गिअरमध्ये सरकते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खट्कन आवाज येतो. पकड मुठीच्या अगदी जवळ येते.

३. चाल अजिबात नसेल तर उलटं. लिव्हर सोडली तरी क्लचवर थोडा ताण राहतो, प्लेटा घसरत राहतात आणि जळतात. प्लेटांचं अस्तर झिजत गेलं की ही मोकळी चाल आपोआप कमी होत जाते, म्हणून अधूनमधून बघायची.

४. वायर बाहेर काढून बघा. लिव्हरपाशी निप्पलजवळ (तारेच्या टोकाची धातूची गोळी) तारेचा एखादा केस तुटलेला दिसला तर लगेच बदला. सुकलेली वायर कव्हरात अडखळते. लिव्हर झटके देत सुटते आणि माणूस म्हणतो, मला जमत नाही. गाडी कितीही चांगली असो, अशा वायरवर कोणालाच जमणार नाही.

मुठीजवळच्या अ‍ॅडजस्टरने थोडा फरक काढता येतो. त्याचे आटे संपत आले की इंजिनाजवळच्या नटाने काढायचा. वरचा अ‍ॅडजस्टर फार बाहेर काढून ठेवू नका, आटे मोडतात.

घाटवाट

@टूलकिट, आंबोली घाटात मित्राच्या गाडीची क्लच वायर तुटली होती. उतारावर न्यूट्रलमध्ये ढकलून वेग घेतला, गिअर टाकला आणि सावंतवाडीपर्यंत आणली. गिअर बदलताना मूठ क्षणभर ढिली सोडून पायाने टाकायचा. नवीन माणसाने हे करू नये, पण लांब जाताना डिकीत किंवा सीटखाली एक जादा वायर ठेवणं फार शहाणपणाचं आहे. वजन नाही, जागा लागत नाही.

आता चढ. कात्रज, दिवे घाट, कुठेही थांबून निघायचं तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर. पुढचा ब्रेक नको, कारण त्याच हाताला मूठ पिळायची असते. ब्रेक दाबलेला ठेवून थोडी रेस द्या, क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणा. आवाज बसला, गाडी ब्रेकवर ओढ घ्यायला लागली, की ब्रेक सोडा. गाडी मागे येत नाही. मग क्लच पुढे सोडायचा. @लाल_माती, इथे तुमची रेस बरोबर आहे.

एक मात्र करू नका: चढावर गर्दीत थांबलेले असताना ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर पकडीच्या पट्ट्यात धरून, गाडी तोलून धरणं. त्यात प्लेटा सतत घासतात, तापतात, जळका वास येतो. तेलात बुडालेला क्लच असला तरी त्याला मर्यादा असतात. आणि उतारावर क्लच दाबून गाडी सोडणं तर अजिबात नाही. इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

लाल_माती

@घाटवाट, धन्यवाद. समेट झाला म्हणायचं :)

थेम्सकाठ

मी लंडनजवळ राहतो. इथे परवान्याआधी 'कम्पल्सरी बेसिक ट्रेनिंग', म्हणजे सीबीटी करावं लागतं. १९९० पासून ते सक्तीचं आहे आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. मी पुण्यात कॉलेजला असताना गाडी चालवली होती, तरी इथे पहिला पाठ परत क्लचचाच मिळाला. रस्त्यावर न्यायच्या आधी बंद मैदानावर 'बाइट', म्हणजे क्लचची पकड, शोधणं, निघणं, थांबणं, आठाचा आकडा, यू टर्न.

त्यात एक गोष्ट मला नवी होती. अगदी मंद वेगात वळताना गाडी मुठीने कमी-जास्त करायची नाही. मूठ एका जागी स्थिर, क्लच पकडीच्या आसपास, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. इंजिन ओढतंय, ब्रेक थोपवतोय, त्या दोघांच्या ताणात गाडी सरळ उभी राहते. पुण्याच्या गर्दीत मी पाय घसटत चालायचो. इथे कळलं की पाय वर ठेवूनही तेवढ्याच वेगात जाता येतं.

माळरान

@थेम्सकाठ, आरटीओच्या आठच्या चाचणीत हेच लागतं. पाय टेकला की नापास. तिथे पोरं दुसऱ्या गिअरमध्ये वेगाने वळायला जातात आणि टेकवतात. पहिला गिअर, स्थिर मूठ, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या शेवटाकडे. झालं.

@नीराकाठ, तुमचा परवाना एकदा बघून घ्या. त्यावर फक्त विनागिअर दुचाकी असेल तर मोटरसायकलसाठी वेगळा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. त्याचा शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शाळेच्या रस्त्यावर रोज जायच्या आधी हे करा, विम्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

नीराकाठ

@माळरान, बघितलं, विनागिअरच आहे. कामाला लागले.

मैदानावर @हाफक्लच यांचा प्रकार केला. आवाज बसतो ते पहिल्यांदाच ऐकू आलं! आधी मी सगळं लक्ष हाताकडे ठेवत होते, म्हणून ते कानावर आलंच नसावं. आता स्प्लेंडर दर वेळी बंद पडत नाही. पण अर्ध्या तासात डावा हात भरून येतो, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. आणि क्लासिकची लिव्हर माझ्या बोटांना नीट पोचतच नाही. बोटांच्या टोकांनी ओढावी लागते.

कृष्णामाई

हाच माझाही प्रश्न होता. हात लहान असतील तर तीन गोष्टी बघा. लिव्हरचा कोन: हँडलवर हात सरळ ठेवल्यावर मनगट न वाकता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. बऱ्याच गाड्यांना लिव्हर फार वर उचललेली असते. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून थोडी खाली फिरवता येते. दुसरं, अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हर बाजारात मिळतात, चाकी फिरवून मुठीच्या जवळ आणता येतात. तिसरं, शिकताना चारही बोटं वापरा. दोन बोटांनी क्लच दाबणाऱ्या मुलांचं बघून सुरुवात करू नका. बाहेर राहिलेली बोटं लिव्हरखाली चेमटतात आणि क्लच अर्धवटच सुटतो.

शिवाय बोटांच्या टोकांनी ओढलेल्या लिव्हरवर बारीक ताबा येत नाही. ती मधल्या पेरांवर आली पाहिजे. सोडताना बोटं उघडायची नाहीत, मुठीवर तळहाताचा खालचा भाग टेकलेला ठेवून फक्त पेरं सैल करायची. अंगठ्याचं दुखणं बहुतेक मूठ घट्ट आवळून धरल्याने येतं.

सह्यकडा

अवांतर: हल्ली बऱ्याच गाड्यांत 'असिस्ट अँड स्लिपर' क्लच येतो, उदाहरणार्थ यामाहा आर१५ किंवा होंडाची हायनेस सीबी३५०. त्यात आतल्या उतरत्या खाचांमुळे इंजिनाची ताकदच प्लेटा दाबायला मदत करते. स्प्रिंगा हलक्या ठेवता येतात, म्हणून लिव्हर मऊ लागते. गिअर झटकन उतरवला तर तीच रचना उलट दिशेने थोडी सैल होते आणि मागचं चाक अडखळत नाही. शिकणाऱ्याला मऊ लिव्हर आवडते, पण पहिले काही दिवस पकड कुठे आहे हे त्यात जरा अस्पष्ट लागतं, असं माझं मत.

गिअरबॉक्स

@सह्यकडा, शेवटच्या वाक्याशी असहमत. अस्पष्ट लागतं ते जड लिव्हरची सवय असलेल्यांना. अगदी नव्या माणसाला हलकी लिव्हर जास्त वेळ सराव करू देते, आणि सगळं शिक्षण त्या वेळात होतं.

सह्यकडा

हे पटलं.

इंदूरकर

सिग्नलला काय करता सगळे? आमचे वडील म्हणायचे, न्यूट्रल करायलाच पाहिजे, नाहीतर क्लच जातो. माझा मुलगा म्हणतो, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबायचं, मागून ट्रक आला तर पळता येतं.

टूलकिट

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. लिव्हर पूर्ण दाबलेली असेल तर प्लेटा घासत नाहीत, पण वायरवर, रिलीज बेअरिंगवर (क्लच सोडवणारा आतला भाग) आणि हातावर ताण राहतो. अर्धवट दाबून थांबणाऱ्याच्या प्लेटा मात्र नक्की जातात, आणि बहुतेक लोक नकळत तेच करतात. मी स्वतः मागे दोन-तीन गाड्या येऊन थांबेपर्यंत गिअरमध्ये राहतो. त्या थांबल्या आणि सिग्नलवरच्या सेकंदांचा आकडा मोठा असेल तर न्यूट्रल. शेवटचे काही सेकंद उरले की परत पहिला.

पडवी

शिकवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगा कोणीतरी. आमच्याकडे दादा मागे बसून "क्लच! क्लच!! अगं क्लच!!!" ओरडतो. दाबू की सोडू, ते सांगतच नाही.

कृष्णामाई

@पडवी, दादाला मागून उतरवा :) मागे माणूस बसला की गाडीचं वजन वाढतं, तीच लिव्हर तेवढ्याच हळू सोडली तरी गाडी बंद पडते. शिकणाऱ्याला वाटतं आपलं चुकलं. पहिले दिवस एकटीने, शिकवणारा बाजूने चालत. आणि शब्द ठरवून घ्या: "आत" म्हणजे दाब, "बाहेर" म्हणजे सोड, "धर" म्हणजे तिथेच थांब. "धर" हा शब्द सगळ्यात जास्त लागतो.

माळरान

"आत, धर, बाहेर" आजच भाचीवर वापरतो. झकास.

गिअरबॉक्स

मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला: दोन गाड्यांत बरोबर कुठली? दोन्ही बरोबर असू शकतात. पकड लिव्हरच्या प्रवासात कुठे येते हे वायरची चाल, प्लेटांची झीज आणि त्या गाडीची रचना यावर ठरतं. स्प्लेंडरची पकड फार बाहेर आली असेल तर एकदा मोकळी चाल बघा, ती संपत आलेली असू शकते. क्लासिकची फार आत असेल तर वायर सैल असू शकते.

स्वभावाचाही फरक आहे. स्प्लेंडर ११२ किलोची, इंजिन ९७.२ सीसीचं, ताकदीचा जोर ८.०५ न्यूटन-मीटर आणि तोही ६००० फेऱ्यांवर. क्लासिक १९५ किलोची, पण २७ न्यूटन-मीटर, ४००० फेऱ्यांवर. मोठा सिंगल सिलेंडर आणि जड फिरता भाग, त्यामुळे क्लासिक नुसत्या क्लचवर निवांत निघते, चुका पोटात घालते. स्प्लेंडर हलकी आहे, पण तिचं छोटं इंजिन सटकन सोडलेल्या क्लचला लगेच मान टाकतं. मला विचाराल तर स्प्लेंडरवरच शिका. तिच्यावर हात बसला की कुठल्याही गाडीवर पहिल्या दोन वेळा सोडताना पकड सापडते. मी अनोळखी गाडी घेतली की निघण्याआधी जागेवर एकदा पकड शोधतोच, इतकी वर्षं चालवूनही.

टूलकिट

ऑइलचंही सांगून ठेवतो. क्लच इंजिन ऑइलमध्येच असल्याने ऑइलची जात महत्त्वाची. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा दुचाकी ऑइलचा दर्जा लिहिलेला हवा. 'एमबी' हे अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी, तिचा क्लच कोरडा असतो. कारचं ऑइल तर नकोच, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी प्लेटा घसरू शकतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत कुठल्याशा गॅरेजवाल्याने कारचं ऑइल भरलं होतं. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचं आणि वेग वाढायचा नाही. क्लच घसरण्याची ही खूण लक्षात ठेवा. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर डबे वेगळे ठेवा, खुणा करून.

नीराकाठ

@गिअरबॉक्स, @टूलकिट, भावाने आज स्प्लेंडर बघितली. मोकळी चाल जवळजवळ नव्हतीच. १५ मिलिमीटरच्या आसपास करून घेतली, वायरला तेल दिलं. पकड आत आली आणि लिव्हर सुटताना जी अडखळायची ती आता सरळ येते. काकांच्या गाडीची लिव्हर थोडी खाली फिरवली, बोटं पोचायला लागली. उद्यापासून मैदानाच्या उतारावर ब्रेक धरून निघायचा सराव. शिकाऊ परवान्याचा अर्जही भरला.

हाफक्लच

वा! उतारावर आधी गाडीचं तोंड खालच्या बाजूला ठेवून निघून बघा, मग वरच्या. आणि रोज थोडाच वेळ. हात थकला की त्याला काही कळत नाही, तिथे थांबायचं.

नवा_भिडू

धागा वर काढतोय. माझ्याकडेही क्लासिक ३५० आहे, जुनीच घेतली. सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडतच नाही, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा होत राहतं. सकाळी पहिला गिअर टाकला की मोठा खट् आवाजही येतो. क्लच गेला का?

गिअरबॉक्स

सकाळचा एखादा आवाज चालतो. रात्रभर थंड ऑइलात प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. गाडी सुरू केल्यावर लिव्हर तीन-चार वेळा दाबून सोडा, मग गिअर टाका, आवाज बराच कमी होईल. न्यूट्रलसाठी पूर्ण थांबायच्या आधीच, गाडी सरकत असताना दुसऱ्यावरून हलका पाय द्या.

तरी नाही सापडलं तर ही तपासणी करा. इंजिन गरम असताना मेन स्टँडवर गाडी, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. मागचं चाक थोडं फिरेल, ते चालतं. हात लावू नका. मागचा ब्रेक हलका दाबा. चाक थांबलं आणि इंजिनाचा आवाज तसाच राहिला तर क्लच पूर्ण सुटतोय. आवाज बसला किंवा गाडी बंद पडायला आली तर सुटत नाहीये.

नवा_भिडू

केलं. ब्रेक दाबल्यावर आवाज चांगलाच बसतोय. आणि लिव्हर बरीच मोकळी हलते, जवळजवळ अर्ध्यापर्यंत.

टूलकिट

मग प्लेटांना हात लावायच्या आधी वायर बघा. अर्ध्यापर्यंत मोकळी म्हणजे ती सैल पडली आहे, नाहीतर निप्पलपाशी तुटायला आली आहे. तारा सुटलेल्या दिसल्या तर बदलूनच टाका, अ‍ॅडजस्ट करत बसू नका. गॅरेजमध्ये इंजिन उघडायचा खर्च कोणी सांगितला तर आधी वायर बदलून ही तपासणी परत करायला लावा. आणि नवी वायर टाकल्यावर आठवड्याभरात मोकळी चाल पुन्हा एकदा मोजा, नवी वायर सुरुवातीला थोडी बसते.